पोर्ट उघडे आहे की बंद, हे कुठून आणि कसे तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये उबुंटूचा एक सर्व्हर आहे आणि त्यावर पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस ५४३२ या पोर्टवर चालू आहे. सर्व्हरवर लॉग-इन करून पीएसक्यूएल (त्या डेटाबेसची कमांड) चालवले की डेटाबेस उघडतो, पण ऑफिसातून जोडणी होत नाही. यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलमध्ये, ५४३२ला परवानगी दिलेली आहे, तरीही पोर्ट तपासून देणाऱ्या एका संकेतस्थळावर ‘बंद’ असाच शेरा येतो. पोर्ट खरोखर उघडे आहे की नाही, हे खात्रीने कसे ठरवायचे?

यात पुरावा म्हणून दोन निरीक्षणे दिली आहेत आणि माझ्या मते दोन्ही या कामी निरुपयोगी आहेत. ती का निरुपयोगी आहेत हे आधी सांगतो, कारण अर्धे उत्तर तिथेच आहे. सर्व्हरवर होस्टचे नाव न देता पीएसक्यूएल चालवले, तर ते नेटवर्कच्या वाटेला जातच नाही. डिस्कवर सॉकेटची एक फाइल असते, तिच्यातून ते थेट डेटाबेसशी बोलते. म्हणजे त्या यशस्वी जोडणीत ५४३२ला हातही लागलेला नाही. दुसरे म्हणजे, अशी बहुतेक संकेतस्थळे पत्त्याच्या रकान्यात आपला स्वतःचा, म्हणजे ज्या ब्राउझरमधून ते पान उघडले त्या जोडणीचा सार्वजनिक आयपी आपोआप भरून ठेवतात. तो रकाना बदलायचा राहिला असेल, तर ऑफिसच्या राउटरवरचे ५४३२ बंद आहे एवढेच त्या शेऱ्यातून कळले, आणि ते बंद असायलाच हवे. घरच्या ब्रॉडबँडवरून तपासणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. अनेक सेवादाते १००.६४.०.० पासून सुरू होणारे सामायिक पत्ते वापरून शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अशा वेळी तपासणी होते ती सेवादात्याच्या उपकरणाची.

पोर्ट हा १६ बिटांचा एक आकडा आहे, ० पासून ६५५३५ पर्यंतचा, आणि त्या आकड्याच्या अंगी उघडेपणा किंवा बंदपणा नसतो. एखादा प्रोग्रॅम कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ‘या पत्त्यावर आणि या पोर्टवर येणाऱ्या जोडण्या माझ्याकडे दे’ असे सांगून ऐकत बसलेला असावा लागतो, दूरच्या मशीनचे पॅकेट तिथवर पोहोचावे लागते आणि त्याला दिलेले उत्तर त्या मशीनपर्यंत परत जावे लागते. या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी बिघडू शकतात. म्हणून एकच पोर्ट एकाच क्षणी सर्व्हरवरून उघडे, शेजारच्या मशीनवरून उघडे आणि ऑफिसातून बंद असू शकते, आणि ही तिन्ही उत्तरे खरी असतात. ‘उघडे आहे का’ या प्रश्नाला ‘कुठून’ हा शब्द जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. तपासणीही त्याच क्रमाने, आतून बाहेर करत न्यावी.

सुरुवात सर्व्हरवरूनच करावी. पूर्वी यासाठी नेटस्टॅट वापरत. आता बहुतेक लिनक्स वितरणांत एसएस ही कमांड तयारच असते. तिला टी, एल, एन आणि पी हे चार पर्याय देऊन सुडोसह चालवले, की ऐकत बसलेल्या सर्व टीसीपी पोर्टांची यादी त्या त्या प्रोग्रॅमच्या नावासह मिळते. आपल्या बाबतीत त्यातली एक ओळ बहुधा अशी दिसेल:

लिसन ० २४४ १२७.०.०.१:५४३२ ०.०.०.०:* पोस्टग्रेस

सगळे लक्ष चौथ्या रकान्यावर द्यावे. तिथे १२७.०.०.१ असेल, तर पोस्टग्रेस फक्त सर्व्हरच्या आतून येणाऱ्या जोडण्या स्वीकारते आणि यूएफडब्ल्यूमध्ये कितीही नियम लिहिले तरी ऑफिसातून काही लागणार नाही. पोस्टग्रेसची मूळची मांडणीच अशी आहे: पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ या फाइलमधली ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ ही नोंद बदलली नसेल, तर ती लोकलहोस्ट एवढीच असते. ती बदलल्यावर सेवा रीलोड करून भागत नाही, पूर्ण रीस्टार्ट करावी लागते. पुष्कळ जण इथे अडतात, कारण फाइल तर बदललेली दिसते आणि वागणे जुनेच राहते. त्या नोंदीत सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता लिहू नये. क्लाउडमध्ये तो पत्ता सर्व्हरच्या कार्डावर नसतोच, वाटेत कुठेतरी त्याचे खासगी पत्त्यात रूपांतर होते, त्यामुळे त्यावर ऐकत बसता येत नाही. खासगी पत्ता लिहावा, उदाहरणार्थ १०.२०.१.१५. सगळ्या पत्त्यांवर ऐकायचे झाल्यास तारांकन चालते, पण त्याबद्दल शेवटी बोलू.

वरच्या ओळीतले ० आणि २४४ हे आकडेही कामाचे आहेत. ऐकणाऱ्या सॉकेटच्या बाबतीत पहिला आकडा प्रोग्रॅमने अजून न उचललेल्या जोडण्यांची रांग दाखवतो आणि दुसरा त्या रांगेची मर्यादा. टीसीपीचा सुरुवातीचा हस्तांदोलनाचा भाग कर्नेल स्वतः उरकते, प्रोग्रॅमला त्याची गरज नसते. त्यामुळे प्रोग्रॅम गोठून पडला असला, तरी रांगेत जागा असेपर्यंत बाहेरून पोर्ट छान उघडे दिसते. ‘पोर्ट उघडे आहे, तरी अ‍ॅप लटकते’ ही तक्रार आली की मी आधी हा पहिला आकडा पाहतो. तो चढत चाललेला दिसला, तर नेटवर्कवाल्यांना फोन करण्यात अर्थ नाही. पोस्टग्रेससाठी पीजी-इजरेडी ही छोटी कमांड आहे आणि वेब सेवेसाठी कर्ल आहे. सेवा जिवंत आहे की नाही, हे त्या सांगतात.

पुढचा टप्पा त्याच सबनेटमधल्या, म्हणजे सर्व्हरच्याच आतल्या नेटवर्कमधल्या, दुसऱ्या मशीनचा. सर्व्हरवरूनच सर्व्हरच्या खासगी पत्त्यावर जोडून पाहणे पुरत नाही, कारण असे पॅकेट लूपबॅकमधून आतल्या आत फिरते आणि यूएफडब्ल्यू लूपबॅकला मोकळे सोडते. फायरवॉलची परीक्षा त्यात होतच नाही. शेजारच्या मशीनवर नेटकॅटला, म्हणजे एनसीला, झेड आणि व्ही हे पर्याय द्यावेत, सोबत डब्ल्यू पर्यायाने पाच सेकंदांची मर्यादा घालावी आणि पत्ता व पोर्ट लिहावे. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन आहे. काहीच बसवायची मुभा नसलेल्या लिनक्स मशीनवर बॅश स्वतःच कामाला येते: डेव्ह, टीसीपी, होस्ट आणि पोर्ट असा तिरप्या रेघांनी जोडलेला काल्पनिक फाइलमार्ग दिला, की ती जोडणी करून पाहते. जुनी मंडळी अजूनही टेलनेटच वापरतात आणि ‘कनेक्टेड’ एवढा शब्द पाहण्यापुरते ते आजही ठीक आहे.

यापैकी काहीही वापरले तरी मिळणारी उत्तरे मोजकीच असतात, आणि सगळे कौशल्य त्या उत्तरांमधला फरक वाचण्यात आहे. जोडणी झाली, तर प्रश्न मिटला. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत गेले आणि तिथून नकाराचे पॅकेट परत आले, असा बहुतेक वेळा त्याचा अर्थ होतो. म्हणजे रस्ता मोकळा आहे, पण त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाही. बहुतेक वेळा म्हटले, कारण काही फायरवॉल मुद्दाम असाच नकार पाठवतात. ‘टाइम्ड आउट’ आले, तर कोणीतरी पॅकेट मुकाट्याने गिळले आहे, आणि हे क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपचे (सर्व्हरच्या बाहेर असलेल्या क्लाउडच्या फायरवॉलचे) आणि यूएफडब्ल्यूच्या ‘डिनाय’ नियमाचे नेहमीचे वागणे आहे. नकार आणि मौन यांतला फरक घड्याळावरही कळतो. नकार मिलिसेकंदांत येतो. मौन असेल तर जुन्या कर्नेलवरचे लिनक्स मूळच्या मांडणीत सहा वेळा पुन्हा प्रयत्न करते, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करते, आणि एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे करत तब्बल १२७ सेकंदांनी हात टेकते. विंडोज साधारण २१ सेकंदांत थांबते. म्हणूनच वर पाच सेकंदांची मर्यादा घालायला सांगितले.

चौथे उत्तर सर्वांत जास्त दिशाभूल करते: ‘नो रूट टू होस्ट’. हे वाचून माणूस राउटिंग टेबल उपसत बसतो. रेड हॅट घराण्यातल्या वितरणांवर फायरवॉलडी नावाचा फायरवॉल असतो. तो परवानगी नसलेल्या पॅकेटला ‘इथे मनाई आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) संदेश पाठवतो, आणि पाठवणाऱ्याचे लिनक्स त्या संदेशाचे भाषांतर करते ‘होस्टकडे रस्ता नाही’. पिंग जात असेल आणि फक्त पोर्टला ही चूक येत असेल, तर रस्ता व्यवस्थित आहे. फायरवॉलचा नियम पाहावा.

शेजारून जोडणी होते आणि ऑफिसातून होत नाही, अशी स्थिती आली की तर्क थांबवून तारेवर काय चालले आहे ते पाहावे. सर्व्हरवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारी कमांड, चालू करायची, सर्व इंटरफेस निवडायचे, नावे न शोधण्याचा एन हा पर्याय द्यायचा, पोर्ट ५४३२ एवढीच गाळणी लावायची आणि मग ऑफिसातल्या सहकाऱ्याला ‘आता जोडून बघ’ असे सांगायचे. मला असे काहीसे दिसले होते, पत्ते अर्थातच बदलले आहेत:

११:४२:०७ आयपी २०३.०.११३.४०.५११०६ > १०.२०.१.१५.५४३२: फ्लॅग्ज [एस]
११:४२:०८ आयपी २०३.०.११३.४०.५११०६ > १०.२०.१.१५.५४३२: फ्लॅग्ज [एस]
११:४२:१० आयपी २०३.०.११३.४०.५११०६ > १०.२०.१.१५.५४३२: फ्लॅग्ज [एस]
११:४२:१४ आयपी २०३.०.११३.४०.५११०६ > १०.२०.१.१५.५४३२: फ्लॅग्ज [एस]

शेवटचे [एस] म्हणजे जोडणीसाठी मारलेली हाक. चारही ओळींत पाठवणाऱ्याचे पोर्ट ५११०६ हेच आहे. म्हणजे या चार वेगळ्या जोडण्या नाहीत, एकच हाक चार वेळा मारली आहे, एक, दोन आणि चार सेकंदांच्या अंतराने. आत येणारे पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसते, हे इथे लक्षात ठेवायचे. त्यामुळे हाक सर्व्हरच्या दारापर्यंत आली आहे, क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपने तिला सोडले आहे, आणि ती गिळणारा सर्व्हरवरचाच फायरवॉल आहे, एवढे या चार ओळींवरून सांगता येते. एस नंतर लगेच आर, म्हणजे नकार, दिसला असता, तर त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाही असे ठरले असते. एकही ओळ उमटली नसती, तर दोष सर्व्हरच्या बाहेर: सिक्युरिटी ग्रुपमध्ये, किंवा खुद्द ऑफिसच्या फायरवॉलमध्ये, कारण कित्येक कार्यालये बाहेर जाण्यासाठी ८० आणि ४४३ एवढीच पोर्टे मोकळी ठेवतात आणि ते कोणी सांगत नाही.

एक शक्यता उरते, आणि तिने मला एकदा चांगलेच दमवले आहे. एका सहकारी संस्थेचे काम होते. टीसीपीडंपमध्ये हाक येत होती, तिला सर्व्हरचे उत्तरही जाताना दिसत होते, म्हणजे एस आणि मग एस-बिंदू, आणि तरी तीच जोडी पुन्हा पुन्हा उमटत होती. सुमारे दोन तास मी सर्व्हरवरचे नियम उलटेपालटे केले. दोष सबनेटच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये निघाला. सिक्युरिटी ग्रुपला आत आलेली जोडणी आठवते आणि तिचे उत्तर तो आपोआप बाहेर सोडतो. नेटवर्क अ‍ॅक्सेस लिस्टला अशी आठवण नसते, तिला जाण्याचा आणि येण्याचा नियम वेगवेगळा सांगावा लागतो. उत्तर जाते ते ५११०६ सारख्या, पाठवणाऱ्याच्या तात्पुरत्या पोर्टावर, आणि बाहेर जाण्याच्या यादीत १०२४ ते ६५५३५ हा पट्टा कोणी लिहिलाच नव्हता. सर्व्हरच्या नजरेतून तो बिघाड दिसणे शक्यच नव्हते. दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप लावले तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपला पोस्टग्रेस डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, असेल, तर यूएफडब्ल्यूवर विसंबू नये. कंटेनरचे पोर्ट बाहेर प्रसिद्ध केले की डॉकर स्वतः आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पॅकेटविषयक नियमांत, नियम घालते आणि पॅकेट फॉरवर्डच्या वाटेने कंटेनरकडे वळवते. यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम इनपुटच्या वाटेवर बसलेले असतात. परिणामी यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ बंद दिसते आणि जगाला ते उघडे असते. पोर्ट प्रसिद्ध करताना पुढे १२७.०.०.१ किंवा खासगी पत्ता जोडणे हा साधा उपाय आहे.

अनेक पोर्टे एकदम पाहायची असतील तर एनमॅप हाताशी असावे. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केले. काही न सांगता चालवल्यास ते सर्वाधिक वापरातली १००० पोर्टेच पाहते, हे विसरून ‘सर्व्हरवर दुसरे काही उघडे नाही’ असे अहवालात लिहिणारे मी पाहिले आहेत. सगळी पाहायची तर पी आणि त्यापुढे आडवी रेघ असा पर्याय द्यावा लागतो. क्लाउडमध्ये पिंग बंद असले तर एनमॅप सर्व्हर मेलेला समजून सोडून देते, तेव्हा कॅपिटल पी आणि एन हा पर्यायही जोडावा. निकालातला ‘क्लोज्ड’ म्हणजे वरचा नकार आणि ‘फिल्टर्ड’ म्हणजे मौन किंवा मनाईचा संदेश. ‘रीझन’ हा पर्याय दिला की कोणत्या उत्तरावरून हा निष्कर्ष काढला तेही तो छापतो. तपासणी फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या सर्व्हरची करावी. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत महत्त्वाच्या यंत्रणांचे लक्ष्य ठरवून केलेले स्कॅनिंग हे सहा तासांत कळवण्याच्या घटनांमध्ये मोडते, त्यामुळे ‘सहज बघितले’ ही सबब टिकणारी नाही.

यूडीपीची, म्हणजे टीसीपीऐवजी काही सेवा वापरतात त्या दुसऱ्या पद्धतीची, गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या प्रश्नाला ती लागत नसली तरी डीएनएस किंवा व्हीपीएन तपासताना लागेल. तिथे हस्तांदोलन नसते. बंद पोर्ट आयसीएमपीने नकार कळवते, पण उघडे पोर्ट बहुधा गप्प बसते आणि फायरवॉलने गिळलेले पॅकेटही गप्पच असते. नेटकॅटला यू पर्याय दिल्यावर येणारे ‘सक्सीडेड’ म्हणजे ‘नकार आला नाही’ एवढेच. लिनक्स हे नकारही सेकंदाला एकाच्या बेताने पाठवते, त्यामुळे ६५५३६ पोर्टांच्या पूर्ण तपासणीला १८ तासांहून अधिक लागतात. यूडीपी सेवेला तिच्या स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारावा. डीएनएससाठी डिग वापरावे.

आता आपल्या सर्व्हरकडे परत. लिसन अ‍ॅड्रेसेस दुरुस्त करून रीस्टार्ट केल्यावर कदाचित ‘पीजी-एचबीए डॉट कॉन्फमध्ये या होस्टची नोंद नाही’ अशी चूक येईल. ती दिसली तर आनंद माना, कारण ती डेटाबेसने जोडणीवरून पाठवलेली आहे. पोर्ट उघडे असल्याचा याहून चांगला दाखला नाही. कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारी ती फाइल बदलल्यावर मात्र रीलोड पुरते.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये ०.०.०.०/० लिहून पोर्ट सगळ्या जगाला देऊ नका; ऑफिसचा स्थिर पत्ता तेवढा लिहा, आणि स्थिर पत्ता नसेल तर ५४३२ बंदच ठेवून एसएसएच या सुरक्षित लॉग-इनच्या कमांडच्या एल पर्यायाने बोगदा काढा. जानेवारी २०१७ मध्ये उघड्यावर राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती, आणि त्यासाठी कोणाला काही फोडावे लागले नव्हते. बंदोबस्त लागला की नाही, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तपासा: ऑफिसातून जोडणी व्हावी आणि तिथून मौन मिळावे. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल तर ही तपासणी नेटकॅटच्या ४ आणि ६ या दोन्ही पर्यायांनी स्वतंत्रपणे करा, कारण सिक्युरिटी ग्रुपमध्ये आयपीव्ही६चे नियम वेगळे लिहिलेले असतात आणि आयपीव्ही४ आवळल्यावरही ती ओळ पुष्कळदा तशीच मोकळी राहिलेली असते.